पाच टक्क्यांची हमी : खामगावच्या फाट्यापासून श्रीहरिकोट्यापर्यंत

२ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडवा होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आम्ही अकोल्यात धाकट्या भावाच्या घरी गच्चीवर बसलो होतो. गुढी उतरवून झाली होती, खाली पानं मांडायची तयारी चालली होती. एवढ्यात आकाशात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जळत्या रेघांचा एक झुपका सरकत गेला. एकामागे एक अशा चार-पाच ठिणग्या होत्या आणि त्यांच्यामागे लांब शेपट्या. शेजारच्या गच्चीवरच्या आजी हात जोडून उभ्या राहिल्या. कोणी म्हणालं विमान पेटलं, कोणी म्हणालं उल्का. भावाचा मुलगा तेवढा शांत होता. तो हैदराबादजवळ दोन मित्रांबरोबर एक लहानसा कारखाना चालवतो. रॉकेटला लागणारे काही सुटे भाग तिथे लेथवर घडवले जातात. तो म्हणाला, "काका, उल्का इतकी हळू नाही जात. रॉकेटचा तुकडा असंल हा."

दुसऱ्या दिवशी बातम्या आल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं होतं. आसपासच्या शिवारात धातूचे गोळेही सापडले. चिनी 'लाँग मार्च ३-बी' जातीच्या रॉकेटचा हा टप्पा असावा, असं जाणकारांनी सांगितलं. सुदैवाने माणूस दगावला नाही.

त्याच मुक्कामात पुतण्याने माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला. कारखान्याला नवं यंत्र घ्यायचं होतं. अंजनगावच्या मळ्यातल्या माझ्या वाट्याचे पैसे नुकतेच आले होते. "काका, सरकारनं आता दार उघडलंय. इस्रो मदत करते, परवाना देणारी संस्था एकच आहे, पुढं मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरी येतील. तुम्ही थोडे पैसे घालाल का?"

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. रॉकेटमधलं मला फारसं कळत नाही. पण सरकारच्या चार खात्यांनी मिळून एखाद्या खासगी वाहतूक धंद्याला उभं करणं, ही गोष्ट आम्हा वऱ्हाडी लोकांना नवी नाही. ती आमच्या अंगणात एकदा घडून गेली आहे. तिचे रूळ अजून मूर्तिजापूरला गवतात पडलेले आहेत. पुतण्याला उत्तर देण्याआधी मी ती कहाणी पुन्हा कागदावर मांडायची ठरवली. हा लेख त्यातूनच झाला.

हमीचा करार

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, हे शाळेतलं पोरही सांगतं. त्या गाडीमागचा करार मात्र फारसा कोणी सांगत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही लंडनमध्ये भागभांडवल गोळा केलेली खासगी कंपनी होती. १८४९ च्या ऑगस्टमध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तिचा करार झाला. त्यातली मुख्य कलमं अशी होती : जमीन सरकार फुकट देईल, ९९ वर्षांसाठी. गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकार घेईल. गाडीच्या उत्पन्नातून पाच टक्के सुटले नाहीत, तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून दिली जाईल. पंचवीस वर्षांनी सरकारला रेल्वे विकत घेता येईल, पण किंमत मागच्या तीन वर्षांतल्या लंडनच्या बाजारातल्या शेअरच्या सरासरी भावाने ठरेल.

हा करार करण्यामागे कारण होतं. इंग्लंडात तेव्हा सरकारी रोख्यांवर तीन टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे. सात समुद्रापलीकडच्या डोंगराळ देशात रूळ टाकायला आपला पैसा कोण देणार? हमीशिवाय भांडवल आलंच नसतं, असं कंपनीचे लोक म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. भोर घाट १८६३ मध्ये आणि थळ घाट १८६५ मध्ये रेल्वेला खुला झाला. ती कामं आजही पाहताना मान वर करावी लागते.

पण हमीचा दुसरा परिणामही झाला. खर्च कितीही वाढला तरी भागधारकाचे पाच टक्के पक्के. मग काटकसर कोणी करावी? डलहौसीच्या काळात मैलामागे आठ हजार पौंडांचा अंदाज धरला होता. हमीच्या मार्गांचा प्रत्यक्ष खर्च त्याच्या दुपटीवर गेला. सरकारने देखरेखीसाठी सल्लागार इंजिनिअर नेमले होते. प्रत्येक खर्चाला त्यांची मंजुरी लागे. तरीही काम अर्ध्यावर आल्यावर 'नाही' म्हणणं त्यांना अवघड होत असे, कारण काम थांबलं तरी व्याज थांबत नव्हतं. हिंदुस्थान सरकारचे एक माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे या व्यवहाराचं मर्म सांगितलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की व्याजाची हमी मिळाल्यावर आपला पैसा हुगळीत फेकला काय किंवा विटाचुन्यात घातला काय, भांडवलदाराला दोन्ही सारखंच. डॅनियल थॉर्नर या अभ्यासकाने पुढे या पद्धतीचं वर्णन केलं ते जनतेच्या जोखमीवर चाललेला खासगी उद्योग असं.

त्यात चलनाची भर पडली. व्याज लंडनला पौंडांत द्यायचं होतं. १८७० च्या सुमारास रुपया जवळपास दोन शिलिंगांचा होता. चांदी उतरत गेली आणि १८९० च्या दशकात तो पंधरा पेनीच्याही खाली आला. तेवढंच व्याज द्यायला इथल्या रयतेला कितीतरी जास्त रुपये मोजावे लागले. दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांच्या टीकेत रेल्वेचा विषय वारंवार येतो, त्याचं मूळ इथे आहे.

वऱ्हाडात रूळ आले

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. काळी कसदार जमीन आणि कापूस. रेल्वेपूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. लमाणांचे तांडे हीच त्या काळची मालगाडी. वाटेत पाऊस लागला की कापूस भिजे, धूळ बसे, आणि पोचेपर्यंत महिने जात.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी १८५७ मध्येच कापूस मिळवण्यासाठी एक संघ काढला होता. तो आता जोरात दबाव आणू लागला. मुंबईहून निघालेला रूळ भुसावळवरून वऱ्हाडात शिरला, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत पुढे सरकला आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचला. तोवर अमेरिकेतली लढाई संपून दोन वर्षं झाली होती आणि भाव कोसळले होते.

शिवाय एक अडचण राहिली होती. वऱ्हाडातल्या कापसाच्या दोन सर्वांत मोठ्या बाजारपेठा म्हणजे खामगाव आणि अमरावती. मुख्य मार्ग दोन्ही गावांना बाजूला टाकून गेला होता. खामगावचा माल सुमारे आठ मैल गाडीबैलांनी जलंबला न्यावा लागे, अमरावतीचा सहा मैल बडनेऱ्याला. पाच टक्के पक्के असलेल्या कंपनीला हे दोन फाटे काढण्याची घाई नव्हती.

इथे सरकारी खाती पुढे आली. मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त असं एक स्वतंत्र पद निर्माण झालं होतं. हॅरी रिव्हेट-कारनॅक हा तरुण अधिकारी त्यावर होता. त्याचं काम वाचताना आजच्या वाचकाला नवल वाटेल. रेल्वेकडे वॅगनची मागणी करणं, बाजाराची जागा आखून घेणं, गाठी दाबण्याच्या प्रेसना प्रोत्साहन देणं, तार खात्याकडे पाठपुरावा करणं, पिकाचा अंदाज काढून मुंबई-मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना कळवणं. एक खातं रस्ते बांधतंय, दुसरं तार ओढतंय, तिसरं जागा देतंय, आणि हा अधिकारी सगळ्यांना एकत्र बांधतोय. लिव्हरपूलचा भाव तारेने खामगावात कळू लागला.

दोन्ही फाटे अखेर सरकारने स्वतःच्या पैशाने बांधले. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावी आले होते. पाठोपाठ अमरावतीचा फाटा झाला. कागदोपत्री ही 'खामगाव स्टेट रेल्वे' आणि 'अमरावती स्टेट रेल्वे'. त्यांवर गाड्या मात्र जी.आय.पी. कंपनीच चालवी. मोठा नफ्याचा मार्ग कंपनीकडे, आणि कंपनीला न परवडणारं शेपूट सरकारकडे, अशी ती वाटणी होती.

रिव्हेट-कारनॅकच्या पदाकडे आणखी एका कारणासाठी पाहायला हवं. त्याला धंदा वाढवायचाही होता आणि धंद्यातली लबाडी रोखायचीही होती. मुंबई प्रांतात कापसात भेसळ करणाऱ्यांना शिक्षा करणारा कायदा १८६३ मध्येच आला होता. उत्तेजन देणारा आणि तपासणी करणारा हात एकच असला, की दोन्हींपैकी एक काम मागे पडतं. वऱ्हाडात कोणतं मागे पडलं, हे शेतकऱ्याच्या काट्यावर दिसत होतं. कारंजाच्या बाजाराला नियम लागू झाले ते १८८६ मध्ये, आणि सबंध वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला तो १८९७ मध्ये. म्हणजे रूळ आल्यानंतर तीस वर्षांनी. गाडी वेळेवर निघावी याची व्यवस्था आधी झाली. त्या गाडीत माल घालणाऱ्याचं माप खरं असावं ही व्यवस्था एक पिढी उशिरा आली.

रेल्वेने काहीच दिलं नाही, असं मी म्हणणार नाही. अकोला, अमरावती, बडनेरा, शेगाव ही गावं तिच्यामुळे वाढली. जिनिंग-प्रेसिंगच्या चिमण्या उभ्या राहिल्या. दुष्काळात धान्य आलं तेही याच रुळांवरून. पण तोवर ज्वारीची कितीतरी रानं कापसाखाली गेली होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. धान्य वॅगनीत होतं, पण ते विकत घ्यायला माणसाच्या हातात पैसा नव्हता. लमाणांचे तांडे तर कधीच मोडले होते.

हातातून सुटलेली तारीख

पंचवीस वर्षांनी रेल्वे विकत घेण्याचं कलम करारात होतं, हे वर आलंच आहे. ती तारीख १८७० च्या दशकात येणार होती. पण १८६९-७० च्या सुमारासच सरकारने जी.आय.पी.सह काही कंपन्यांच्या बाबतीत हा पहिला हक्क सोडून दिला आणि बदल्यात पाच टक्क्यांवरच्या नफ्याचा अर्धा वाटा पदरात घेतला. खरेदी आणखी पंचवीस वर्षं पुढे गेली. अखेर १९०० मध्ये सरकारने जी.आय.पी. विकत घेतली, तीही शेअरच्या बाजारभावाने. आणि तो भाव चढा होता, कारण त्याला सरकारचीच हमी होती. खरेदीनंतरही चालवायला ती कंपनीकडेच दिली. प्रत्यक्ष ताबा १९२५ मध्ये आला. त्याआधी ॲकवर्थ समितीने १९२१ मध्ये रेल्वे सरकारनेच चालवावी, असा कौल दिला होता.

म्हणजे मुख्य मार्गाचा करार उशिरा का होईना, संपला. आमच्या शकुंतलेचा मात्र संपला नाही.

शकुंतला

माझं बालपण अंजनगाव-सुर्जीत गेलं. आमचा पानमळा होता. वडील भल्या पहाटे पानांच्या टोपल्या ओल्या फडक्यात गुंडाळून स्टेशनवर नेत. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी ती लहान गाडी बनोसा, अंजनगाव, पथ्रोट अशी डुलत डुलत जाई. सत्त्याहत्तर किलोमीटरच्या आतल्या अंतराला चारेक तास लागत. स्टेशनांवर तिकीटघराला कुलूप असे. गार्डच खाली उतरून तिकिटं फाडी आणि हिरवं निशाण दाखवी. रुळावर म्हैस बसली तर ड्रायव्हर शिट्टी वाजवून थांबे. आईला माहेरी कारंज्याला जायचं असलं की मूर्तिजापूरला गाडी बदलायची, दुसऱ्या फाट्यावरची यवतमाळची शकुंतला धरायची. एस.टी.च्या भाड्याच्या मानाने तिचं भाडं नाममात्र होतं. शेतमजुरांच्या बाया विळे घेऊन तिच्यातच चढत.

ही गाडी सरकारी आहे, असं आम्ही सगळे समजत होतो. ती तशी नाही, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

मुंबईतल्या किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. मूर्तिजापूर-यवतमाळ, मूर्तिजापूर-अचलपूर आणि वर्धा जिल्ह्यातला पुलगाव-आर्वी हे अडीच फुटी मार्ग तिचे. त्या काळी लहान फाट्यांसाठी सरकारचं एक धोरण होतं. कंपनीने भांडवल उभं करायचं, सरकारने जमीन द्यायची, गाड्या मोठ्या रेल्वेने चालवायच्या आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला द्यायचा. पाच टक्क्यांच्या जुन्या हमीपेक्षा हे धोरण शहाणपणाचं होतं. सरकारचा बोजा कमी होता आणि यवतमाळ-दारव्ह्याचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढू लागला. १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून तिच्यावर होतं. ते उतरलं १५ एप्रिल १९९४ रोजी. त्यानंतर डिझेल आलं.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली. मोठे मार्ग देशाचे झाले, पण हा मार्ग कंपनीच्या मालकीचाच राहिला. गाडी, ड्रायव्हर आणि गार्ड मध्य रेल्वेचे. जमिनीवरचे रूळ कंपनीचे. करार दर दहा वर्षांनी पुढे चालू. अशा व्यवस्थेत रूळ कोणी बदलायचे, हा प्रश्न कायम अधांतरी राहतो. मालकाला वाटतं, गाडी तुम्ही चालवता. चालवणाऱ्याला वाटतं, रूळ तुमचे आहेत. वेग कमी करण्याचे आदेश निघत गेले. २०१६ मध्ये या मार्गाचं ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली. गाड्या मात्र एकेक करून थांबल्या. अचलपूर-यवतमाळच्या लोकांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली, आजही देतात. कापसाच्या भरभराटीत बांधलेली गाडी बंद पडली ती तोट्याच्या आकड्यांइतकीच करारात शेवटाचं कलम नीट न लिहिल्यामुळे, असं माझं मत आहे.

रॉकेटला परवाना कोणाचा?

आता आकाशाकडे वळतो. ९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्याजवळच्या मॅटागोर्डा बेटावरून 'कोनेस्टोगा' नावाचं रॉकेट उडालं. ते एका खासगी कंपनीचं होतं. उड्डाणापेक्षा परवानग्या मिळवणं तिला जड गेलं होतं. हवाई वाहतुकीचं खातं वेगळं, बिनतारी लहरींचं वेगळं, किनारा रक्षकांचं वेगळं. परराष्ट्र खात्याने तर रॉकेट देशाबाहेर जातंय म्हणून शस्त्रनिर्यातीचा परवाना मागितला. या गोंधळातून धडा घेऊन अध्यक्ष रेगन यांनी फेब्रुवारी १९८४ मध्ये वाहतूक खात्याला प्रमुख नेमलं आणि ऑक्टोबरात तसा कायदा झाला. संरक्षण, परराष्ट्र आणि नासा यांनी या खात्याशी विचारविनिमय करायचा, कंपनीने मात्र एकाच दारात जायचं. याच कचेरीकडे दोन कामं दिली गेली : खासगी उड्डाणांवर नियंत्रण आणि त्या धंद्याला उत्तेजन. मला पुन्हा आमचा कापूस आयुक्त आठवला.

१९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर यान फुटलं. त्यानंतर व्यापारी उपग्रह सरकारी शटलमधून नेणं बंद झालं आणि खासगी रॉकेटांना गिऱ्हाईक मिळालं. १९८८ मध्ये जोखमीची वाटणी ठरली. अपघातात तिसऱ्याचं नुकसान झालं तर आधी कंपनीचा विमा, त्याची मर्यादा जास्तीत जास्त ५० कोटी डॉलर. त्यावर आणखी दीडशे कोटी डॉलरपर्यंत भरपाई सरकारी तिजोरीतून, अर्थात तिथल्या संसदेच्या मंजुरीने. तिथेही हमी आलीच, पण आकडा लिहून.

आपल्याकडे थुंबाहून पहिलं रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडालं. इस्रो १९६९ मध्ये स्थापन झाली. खासगी कारखाने तेव्हापासून आहेत, पण पुरवठादार म्हणून. पुणे जिल्ह्यातलं वालचंदनगर, विक्रोळीचं गोदरेज, पवईचं लार्सन अँड टुब्रो यांनी रॉकेटांचे भाग आणि इंजिनं घडवली. साखर कारखान्यांची यंत्रं करणाऱ्या वालचंदनगरात रॉकेटची कवचं तयार होतात, याचा मराठी माणसाला अभिमान आहेच.

बदल झाला तो मागच्या काही वर्षांत. २०१९ मध्ये न्यू स्पेस इंडिया ही सरकारी व्यापारी कंपनी निघाली. जून २०२० मध्ये मंत्रिमंडळाने 'इन-स्पेस' या संस्थेला मंजुरी दिली. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचं 'विक्रम-एस' श्रीहरिकोट्याहून सुमारे ८९ किलोमीटर उंच गेलं. २०२३ मध्ये भारतीय अवकाश धोरण आलं. ३० मे २०२४ रोजी चेन्नईच्या अग्निकुल कंपनीचं रॉकेट श्रीहरिकोट्यातच तिने बांधलेल्या तळावरून उडालं. पाच पी.एस.एल.व्ही. रॉकेटं बांधण्याचं सुमारे ८६० कोटी रुपयांचं काम हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या जोडीला मिळालं. २०२४ मध्ये या क्षेत्रातल्या नव्या कंपन्यांसाठी एक हजार कोटींचा निधी मंजूर झाला. तळ, चाचणीची यंत्रणा, अनुभवी शास्त्रज्ञ या गोष्टी सरकार देतं. खामगावला जागा, तार आणि फाटा दिला होता, तसंच हे.

दोन्ही काळ एकच आहेत, असं मी म्हणत नाही. तेव्हाचं सरकार परक्यांचं होतं आणि ते इथल्या कोणालाही उत्तर देत नव्हतं. नफा लंडनला जात होता. आज भांडवल बऱ्याच अंशी घरचं आहे, संसद आहे, हिशेब तपासनीस आहेत. शिवाय आज बसल्या जागी पाच टक्के कोणी देत नाही. रॉकेट उडालं नाही तर भागधारकाचा पैसा बुडतो. हा फरक मोठा आहे आणि तो नव्या व्यवस्थेच्या बाजूने आहे.

तरी काही गोष्टी ओळखीच्या वाटतात. 'इन-स्पेस'च्या नावातच उत्तेजन आणि परवानगी हे दोन्ही शब्द आहेत. उत्साहाच्या काळात तपासणीचा हात सैल पडतो, हे आम्ही काट्यावर अनुभवलं आहे. दुसरी गोष्ट जबाबदारीची. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केलं, तर भरपाई उड्डाण करणाऱ्या देशाने द्यायची असते, मग रॉकेट खासगी असो की सरकारी. भारत या करारात आहे. १९७८ मध्ये 'कॉसमॉस ९५४' हा सोव्हिएत उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा सोव्हिएत संघाने पुढे तीस लाख कॅनेडियन डॉलर मोजले. उद्या एखाद्या भारतीय कंपनीचं कडं दुसऱ्या देशातल्या लाडबोरीत पडलं, तर बिल दिल्लीला येईल. त्यातलं कंपनीने किती सोसायचं, सरकारने किती, हे संसदेच्या कायद्याने ठरायला हवं. अवकाश व्यवहारांच्या कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये लोकांपुढे ठेवला होता. हा लेख लिहीपर्यंत तो कायदा झालेला नाही. धोरण आहे, मार्गदर्शक नियम आहेत, कायदा नाही. गाडी निघाली आहे आणि काट्याचा नियम मागून येतो आहे.

पुतण्याला दिलेलं उत्तर

पाडव्यानंतर काही महिन्यांनी पुतण्या पुन्हा आला. मी त्याला मूर्तिजापूरला घेऊन गेलो. मोठ्या लाइनीवर गाड्या धडधडत होत्या. पलीकडे अरुंद रूळ गवतात बुडाले होते. तिथे उभं राहून मी त्याला तीन प्रश्न सांगितले. तोटा झाला तर तो कोण भरणार, आणि किती, हे आकड्यात लिहिलंय का? करार कधी आणि कसा संपणार, संपल्यावर यंत्र कोणाचं, जागा कोणाची? आणि ज्याच्या मालावर हा धंदा चालणार, त्या लहान माणसाचं माप कोण तपासणार? तुझ्या धंद्यात तो लहान माणूस तूच आहेस, असंही म्हणालो. मोठी कंपनी बिल सहा महिने लटकवू लागली तर तुझं गाऱ्हाणं ऐकणारं कोणी आहे का?

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आणून दाखवतो. तिसऱ्याचं मलेही माहीत नाही."

दोन आठवड्यांनी त्याने करारनामे आणले. आम्ही अकोल्यात वकिलाकडे बसून ओळ न ओळ वाचली. दोन कलमं बदलून घ्यायला त्याला सांगितली. त्यातलं एक बदललं गेलं, एक नाही. मळ्याच्या पैशातले अर्धे मी त्याला दिले आणि अर्धे बँकेत ठेवले. यंत्र आलं आहे, कामही मिळतं आहे. बिल मात्र उशिरानेच निघतं.

गेल्या महिन्यात अंजनगावला गेलो होतो. स्टेशनच्या जागेवर मुलं क्रिकेट खेळत होती. ब्रॉडगेज येणार म्हणे, असं पानटपरीवाला सांगत होता. कोणी बांधणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, "ते काय आपल्याले सांगतेत का भाऊ?"

सांगायला हवं. एवढंच या लेखाचं म्हणणं आहे.